चोविसांत नसलेला गुरू

कुत्र्यापासून माणसाने काही शिकावे, किंबहुना त्याच्यापाशी शिकण्यासारखे काही असते तरी काय, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला, तरी जाफराबादच्या आमच्या घरी एका चंपाषष्ठीला तो ज्या दोन माणसांमध्ये उपस्थित झाला, त्यांच्या आयुष्याची घडण ध्यानात घेता तो किरकोळ राहणे शक्यच नव्हते. एक माझी आत्या; यजमानांच्या मागे गावातले घर आणि केळणा नदीच्या अंगाची शेती एकहाती सांभाळणारी, आणि मोत्या नावाच्या एका गावठी कुत्र्याच्या सोबतीने आखाड्यावर कित्येक हंगामांच्या राखणीच्या रात्री काढलेली. दुसरे तिचे धाकटे बंधू, आमचे नानाकाका. आमचे आजोबा निजामी अमलात पेशकार होते आणि नानाकाका महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मिसल, फेरफार, पंचनामा आणि दाखला यांच्या सहवासात त्यांची बुद्धी अशी तयार झाली होती की, पुराव्यावाचून केलेली प्रशंसा आणि अधिकारावाचून केलेली मागणी या दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच असह्य होत.

गावही तसेच आहे. औरंगजेबाच्या काळी जाफरखानाच्या जहागिरीत असलेले हे ठाणे, जुन्या तटाचे अवशेष आणि मशिदीवरचा फारसी शिलालेख अंगावर बाळगीत, पुढे निजामाच्या दौलतीत गेले, १७ सप्टेंबर १९४८ रोजी त्या दौलतीतून मोकळे झाले आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला तेव्हा औरंगाबादेकडून जालन्याकडे आले. इतक्या अमलांच्या सनदा आणि हुकूम ज्यांनी पाहिले, त्या गावच्या लोकांना कोणाचा कशावर काय हक्क, हा विचार उठता-बसता करण्याची सवय असते. आणि त्या संध्याकाळचा सारा वाद, कुत्र्यावरून सुरू होऊनही, अखेर हक्काच्याच प्रश्नाशी येऊन ठेपला.

तळी भरली गेली होती. भंडारा उधळून झाला होता. चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी त्या दिवशी भरिताच्या रूपाने पुन्हा पानात आली होती. आमच्याकडे कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबाजवळ कुत्रे असतेच, म्हणून या दिवशी रोडग्याचा आणि भरिताचा घास कुत्र्यापुढे ठेवण्याचा कुलाचार आहे. तो घास मोत्यापुढे ठेवताना आत्या जमलेल्या पाहुण्यांना सहज म्हणाली की, या मुक्या जिवाने मला जगायला शिकवले. पाहुणे गेल्यावर, ओसरीवर पानसुपारी चालू असता, नानाकाकांनी तो धागा उचलला.

नानाकाका — अक्का, मोत्यापुढे रोडगा ठेवलास त्याला माझी हरकत नाही. तो शिरस्ता आहे आणि तो पाळला गेलाच पाहिजे. पण कुत्र्याने तुला जगायला शिकवले, हे मघाचे विधान मला मान्य नाही. जनावर स्वभावानुसार वागते. त्या स्वभावाला आपण गुण म्हणावे, त्या गुणाची स्तुती करावी आणि मग तो आपल्याला शिकवतो असेही समजावे, हा सगळा माणसाचा आपल्याच मनाशी चाललेला व्यवहार आहे; कुत्रे त्यात साक्षीदारसुद्धा नसते.

आत्या — साक्षीदाराचे मला ठाऊक नाही, नाना. हे गेले त्या वर्षी मी अंथरूण धरले होते ते तुला आठवत असेल. सोयरेधायरे येत, समजूत घालीत. मी मान डोलावली की त्यांचे समाधान होई आणि ते आपल्या गावी परत जात. या मोत्याचे मान डोलावून समाधान होत नव्हते. पहाट झाली की दाराशी येऊन तो नखांनी लाकूड खरवडायचा, आणि कितीही जिवावर आले तरी मला उठून कडी काढावी लागायची. कडी काढली की अंगण दिसायचे. अंगणात केर दिसायचा. केर काढला की चूल आठवायची. दुःख होते तेथेच होते, पण त्याच्या भोवतीने दिवस चालू लागला. हे कोणी केले म्हणू?

मोत्याची हकीकत येथेच सांगून टाकतो. पूर्णा-केळणेच्या या पट्ट्यात सुगी संपली की धनगरांचे कळप उतरतात. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात आणि खताच्या मोबदल्यात धनगरांना धान्य देतात. अशाच एका वाड्यावरचे, मेंढरांतच जन्मलेले आणि मेंढरांच्या उबेला वाढलेले पिल्लू माझ्या आतोबांनी मागून आणले होते. मेंढरांत वाढलेल्या कुत्र्याला जे आपल्या स्वाधीन आहे त्याच्याभोवती रात्रभर फिरत राहण्याची खोड असते. मेंढरे नव्हती, तेव्हा मोत्या आखाड्याभोवती, गोठ्याभोवती आणि अखेर आत्याच्या बाजेभोवती फिरू लागला.

नानाकाका — तू सोबतीची गोष्ट सांगतेस. ती मी नाकारीत नाही. पण लोक ज्याची महती गातात ते कुत्र्याचे इमान घे. ते इमान परीक्षा करीत नाही. चोराचे कुत्रे चोराशी इमानी असते आणि साधूचे साधूशी; ज्याच्या हातात भाकर, त्याचा हुकूम खरा. हा गुण मुलाबाळांना शिकवावा काय? याच मुलुखात रझाकारांचा धुमाकूळ चालला असताना, ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बेइमान होऊ नका, असे सांगणारे शहाणे गावोगाव होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेला जे उठले, ज्यांनी नोकऱ्या सोडल्या आणि तुरुंग पत्करले, त्यांनी मिठाच्या वर काहीतरी मानले, म्हणून आपण आज या ओसरीवर मोकळेपणाने बोलतो आहोत. विवेकावाचूनची निष्ठा हा धन्याच्या सोयीचा गुण आहे, आणि म्हणूनच धनी लोकांनी तिची स्तुती केली आहे.

हा आक्षेप मला फार वजनदार वाटला, आणि त्याला पोषक असे एक उदाहरण माझ्याही तोंडून निघून गेले. मॉस्कोच्या रस्त्यावर भटकणारी एक कुत्री शास्त्रज्ञांनी उचलून आणली, तिला लायका असे नाव दिले, खाऊपिऊ घालून अरुंद जागेत निमूटपणे बसून राहण्याची सवय लावली आणि ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ या यानातून अंतराळात पाठवून दिली. ते यान परत आणण्याची कोणतीही योजना नव्हती, आणि हे पाठवणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होते. ती काही दिवस जगली असे जगाला सांगण्यात आले. उष्णतेने ती उड्डाणानंतर काही तासांतच मेली होती, हे २००२ साली उघड झाले. ज्या हातांनी खाऊ घातले त्याच हातांनी पट्टे आवळले, आणि तिने त्या हातांवर शंका घेतली नाही.

नानाकाका — हाच माझा पुरावा. शंका न घेणे हे शिकण्यासारखे नाही.

आत्या — थांब, नाना. त्या मुक्या जिवाने विश्वास ठेवला आणि शिकलेल्या माणसांनी तो मोडला. तर यात उणे कोणाचे? विश्वास ठेवणाऱ्याचे की मोडणाऱ्याचे? मोत्या माझ्यावर डोळे मिटून विसंबतो, म्हणून मीही कोणावर तरी डोळे मिटून विसंबावे, असे मी कुठे म्हणते? तो विसंबतो, तेव्हा मला जपून वागावे लागते. चिडून मी एखादे वेळी काठी उगारली, तरी घटकाभराने तो जवळ येऊन बसतोच. आणि जो असा परत येणार आहे त्याच्यावर हात उगारायला पुढच्या वेळी मन धजत नाही. हे मी त्याच्याकडे पाहून शिकले. त्याच्यासारखे होऊन शिकले नाही.

या उत्तराने वादाचे स्थान बदलले, असे मला वाटते. कारण श्वानस्तुतीचे बहुतेक साहित्य कुत्र्यासारखे व्हा असा उपदेश करते, आणि नानाकाकांचे सारे आक्षेप त्या उपदेशावर होते. आत्या मात्र, ज्याचे आपल्यावाचून अडते अशा जिवाच्या सहवासात आपले काय होते, याविषयी बोलत होती. नानाकाकांनी हा फरक टिपला की नाही हे तत्क्षणी कळले नाही. ते इतिहासाकडे वळले.

नानाकाका — जपण्याचाही अतिरेक होतो. थोरल्या शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. शिकारीत वाघ अंगावर आला असता त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याच्या नावे जहागिरीची सनद दिली आणि त्याला पालखीचा मान बहाल केला, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. दरबारात एका सरदाराच्या भेटीच्या वेळी त्याला जरीचे वस्त्र आणि अलंकार घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवल्याचेही तोच सांगतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याची समाधी आजही दाखवतात. रायगडावरच्या वाघ्याची गोष्ट मी सांगत नाही. त्याचा पुतळा १९३६ सालचा आहे आणि शिवकालीन कागदपत्रांत त्या कथेला आधार मिळत नाही. पण खंड्याची सनद घेतली, तरी मी विचारतो, कुत्र्याला जहागिरीचे काय प्रयोजन? ती सनद महाराजांच्या स्वतःच्या वाचलेल्या प्राणाची होती.

आत्या — असेल. पण ज्याने प्राण वाचवला त्याची आठवण राजाने लिहून ठेवली, दगडात बांधून ठेवली. आपण माणसांचीसुद्धा इतकी ठेवतो का रे? जहागीर नको, पालखी नको. म्हातारपणी त्याच्या वाट्याची भाकर आणि बसायला कोरडी जागा मिळाली, म्हणजे माझ्या लेखी त्याची सनद पुरी झाली.

यानंतर नानाकाकांनी जो मुद्दा मांडला, तो त्यांच्या व्यासंगाला साजेसा होता. ते दर चातुर्मासात एकनाथी भागवत वाचतात. पैठणचे नाथ हे आम्हा मराठवाड्याच्या लोकांना घरचेच.

नानाकाका — गुरूच म्हणायचे तर अवधूताचे चोवीस गुरू आठव. एकादश स्कंधात ते सांगितले आहेत आणि नाथांनी त्यांचा केवढा विस्तार केला आहे. पृथ्वी आहे, वायू आहे, समुद्र आहे. कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, सर्प, कोळी, इतकेच काय, कुंभारीण माशीही आहे. त्या यादीत कुत्रा नाही. आणि आश्चर्य असे की, दत्तात्रेयांच्या मूर्तीपाशी चार कुत्रे असतात. त्यांना आपण चार वेद मानतो. पायाशी कुत्रे असूनही गुरूंच्या यादीत कुत्रे नाही, याला काही अर्थ असला पाहिजे. अवधूत ज्यांच्यापासून शिकला, ते त्याचे कोणी नव्हते. कपोत पिलांच्या मोहाने जाळ्यात पडला, मासा जिभेमुळे गळाला लागला, हत्ती स्पर्शाला भुलला. अवधूताने ते दुरून पाहिले आणि बोध घेतला. जेथे माया जडली तेथे पाहणे गढूळ होते. तू मोत्याला पाहत नाहीस, अक्का. तू मोत्यावर माया करतेस.

मला वाटले, आता आत्या निरुत्तर होणार. ती थोडा वेळ सुपारी कातरीत राहिली.

आत्या — अवधूताला घर होते का रे?

नानाकाका — नव्हते. म्हणून तर तो अवधूत.

आत्या — मग त्याचे गुरू त्याच्या कामाचे. ज्याला काही धरून ठेवायचे नाही, त्याने सोडायला शिकवणारे गुरू केले. मी घर सोडून जाणार नाही. माझ्या गोठ्यात दोन जनावरे आहेत, सालगड्याचे बिऱ्हाड आहे, शेजार आहे. मला धरून ठेवून नीट कसे वागावे हे शिकायचे होते, आणि ते दुरून बघून येत नाही. भुंकण्याचेच घे. आधी मला वाटे, कुत्रे भुंकते म्हणजे उगीच भुंकते, आणि मी आतूनच ओरडून त्याला गप्प करी. आखाड्यावर राहू लागले तेव्हा कळले की, मक्यात रोही शिरले तर तो धावत धावत लांब आवाजात भुंकतो. बांधावर माणूस आला तर एका जागी उभा राहून तुटक भुंकतो. आणि कडब्याजवळ साप असला तर पुढे जात नाही, मागे सरत नाही, आवाज मात्र अगदी बारीक काढतो. तीन आवाज, तीन अर्थ. आणि मी इतकी वर्षे त्याला एकच शब्द सांगत होते, गप्प बस. मग मनात आले, घरात बोलणाऱ्या माणसांचा आवाज तरी मी कधी असा कान देऊन ऐकला होता? मायेने पाहणे गढूळ होत असेल, पण माया नसती तर मी ऐकलेच नसते.

आत्याच्या या बोलण्याला शास्त्राचाही थोडा आधार आहे, म्हणून तो येथे नोंदवतो. कुत्रा आणि माणूस यांचा सहवास शेतीहूनही जुना आहे. काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन दफनांत माणसाबरोबर कुत्रा पुरलेला सापडला आहे. २०१५ साली जपानी संशोधकांनी असे दाखवून दिले की, कुत्रा आणि त्याचा पाळणारा एकमेकांकडे काही काळ टक लावून पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. माता आणि तान्हे मूल यांच्यातील ओढीशी निगडित असलेले हेच ते संप्रेरक. हजारो वर्षांच्या सहवासाने दोन भिन्न जातींच्या रक्तात एक समान व्यवस्था निर्माण झाली आहे, ही गोष्ट मला कोणत्याही पुराणकथेइतकी अद्भुत वाटते.

परंतु नानाकाकांच्या मनात जे खरोखर सलत होते, ते अजून बाहेर पडले नव्हते. त्यांचा आवाज बदलला.

नानाकाका — आता मी सांगतो ते ऐक. नोकरीत असताना एका गावी गेलो होतो. दहाएक वर्षांचा मुलगा, शेतमजुराचा. काही महिन्यांपूर्वी पोटरीला कुत्रे चावले होते. घरच्यांनी जखमेत तिखट भरले, चुना लावला, दोरा बांधला. जखम भरून आली आणि सारे विसरून गेले. मी पाहिले तेव्हा तो पाण्याला भीत होता. पेला समोर आणला की गळा आवळून येई. दारातून वाऱ्याची झुळूक आली तरी अंग आखडे. शुद्ध पुरती होती. बापाला ओळखत होता. त्या रोगाची लक्षणे एकदा उमटली की उपाय नसतो, हे मला ठाऊक होते आणि त्याच्या आईला ठाऊक नव्हते. तो गेला. कुत्रे कोणाचे, या प्रश्नापुढे कागदावर एकच शब्द पडला, बेवारस. अक्का, तुझ्या मोत्याने तुला पहाटे उठवले हे खरे. पण त्या आईपुढे कुत्र्याचे गुणगान करण्याची छाती मला होणार नाही, आणि कोणाला व्हावी असेही मला वाटत नाही.

ओसरीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. श्वानप्रेमाविषयी जे गोड लेखन होते, त्यातून हा मुलगा वगळलेला असतो, आणि म्हणून ते लेखन मला अपुरे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात. त्यांतील एकतृतीयांशाच्या आसपास भारतात. आणि माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्याच्या दंशातून होतो. मरणाऱ्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. दुःखाची गोष्ट अशी की, हा रोग टाळण्याचे साधन पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हातात आहे. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वाचवले. आपल्या देशात कसौलीची पाश्चर संस्था १९०० साली आणि कुन्नूरची १९०७ साली स्थापन झाली. पोटात घ्यावयाच्या ज्या चौदा सुयांची दहशत खेड्यापाड्यांत होती, ती जुनी लस या शतकाच्या आरंभी बंद झाली. आताच्या सुया दंडात घ्यावयाच्या आणि थोड्या असतात. दहशत मात्र अजून पुरती गेलेली नाही, आणि तिखट-चुनाही गेलेला नाही.

आत्या — ते कुत्रे बेवारस होते म्हणतोस. ते बेवारस जन्मले असेल, नाहीतर कोणीतरी पिल्लू म्हणून हौसेने आणून, मोठे झाल्यावर गावकुसाबाहेर सोडून दिले असेल. त्या पोराच्या मरणात त्या सोडून देणाऱ्याचा वाटा नाही का? मोत्याला मी दरवर्षी जनावरांच्या दवाखान्यात नेऊन लस टोचून आणते. कागद देवघराच्या फडताळात आहे, तू पाहा. हा माझ्या दारचा आहे, तेव्हा याच्या दाताने कोणाचे लेकरू जाऊ नये ही जबाबदारीही माझ्याच दारची. गुणगान मी करीत नाही, नाना.

नानाकाका काही वेळाने बोलले, ते महाभारताविषयी. आणि माझ्या मते त्या संध्याकाळचा गाभा त्यांच्याच या बोलण्यात होता.

नानाकाका — महाप्रस्थानाच्या वेळी धर्मराजामागे गेलेले कुत्रे सर्वांना ठाऊक असते. इंद्राने रथ आणला, कुत्र्याला सोड म्हणाला; धर्मराज म्हणाला, जो माझ्या आश्रयाला आला त्याचा त्याग मी करणार नाही, मग स्वर्ग गेला तरी चालेल. पण त्याच ग्रंथाच्या आरंभीही एक कुत्रे आहे. जनमेजयाचे सत्र चालले होते. तेथे सरमा या कुत्रीचा पुत्र आला. राजाच्या भावांनी, श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन यांनी, त्याला मारले. तो रडत आईकडे गेला. आई यज्ञमंडपात आली आणि तिने विचारले की, माझ्या मुलाने हवीला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही. मग त्याला का मारले? त्या सर्वांपैकी कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा ती म्हणाली, निरपराधाला मारलेत, तर तुमच्यावर न दिसणारे भय येईल. आणि राजा घाबरला. त्या शापाच्या निवारणासाठी पुरोहित शोधत हिंडला. मी उभा जन्म अर्ज आणि फिर्यादी वाचल्या. पण ज्या फिर्यादीला राजसभेत उत्तर नव्हते, अशी ही एकच. कुत्रीची.

आत्या — ती बोलू शकली म्हणून. मोत्या बोलत नाही.

नानाकाका — तेच म्हणतो. आमच्या दप्तराचा नियम असा की, अर्जावाचून मिसल नाही आणि मिसलीवाचून हक्क नाही. दुष्काळात जनावरांच्या छावण्या पडत. बैलाची नोंद असे, म्हशीची असे, तिच्या मालकाचा अंगठा असे, आणि नोंदीप्रमाणे चारा मिळे. छावणीच्या कडेला गावोगावची कुत्री धापा टाकीत पडलेली असत. त्यांच्यासाठी रकाना नव्हता. मी तो रकाना नसल्याचे कधी मनाला लावून घेतले नाही, कारण कोणी मागितलाच नव्हता.

आत्या — आणि मला याच्यापासून जे मिळाले म्हणते, ते एवढेच आहे, नाना. मागितल्यावर द्यायला मला येत होते; आपल्या घरचे वळणच तसे आहे, दारी आलेला विन्मुख गेला नाही. पण जो मागत नाही, त्याच्याकडे माझे लक्ष जात नव्हते. उन्हाळ्यात याच्या परळातले पाणी आटले, तर हा ओरडत नाही. परळाशी जाऊन बसतो आणि माझ्याकडे पाहतो. पहिले काही दिवस मला ते कळलेच नाही. कळू लागल्यावर ती सवय त्याच्यापुरती राहिली नाही. गेल्या पावसाळ्यात सालगड्याची बायको खुरपायला येऊन बांधावर बसून राहू लागली. विचारले तर, काही नाही म्हणे. तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जा, असे मी तुला म्हटले, तेव्हा तू मला विचारलेस, तिने पैसे मागितले का? मागितले नव्हते. तिच्या अंगात रक्त किती कमी निघाले ते तू आपल्या डोळ्यांनी कागदावर वाचलेस. कुत्र्याला भाकर घालणारी माणसे माणसांना विसरतात, असे तू नेहमी म्हणतोस. तर हा माझा पुरावा, आणि साक्षीदार तूच.

नानाकाका सहसा साक्ष फिरवीत नाहीत. ते म्हणाले की, घटना खरी आहे. मात्र लक्ष देण्याचा तो गुण अक्काचा, कुत्रे केवळ निमित्त झाले. आत्या म्हणाली, निमित्त म्हण, मला भांडण नाही. तेव्हा नानाकाकांनी, निमित्ताला गुरुपद देण्यास आपली संमती नाही, असे स्पष्ट बजावून, आपली एक मागणी मांडली: ज्याला कुत्रे पाळायचे आहे त्याच्याकडून आधी मुचलका लिहून घ्यावा. त्यात त्याने कबूल करावे की, दरवर्षी लस टोचीन. मोकाट सोडणार नाही. पिले सांभाळण्याची ऐपत नसेल तर नसबंदी करून घेईन. म्हातारपणी किंवा आजारात गावाबाहेर नेऊन टाकणार नाही. आणि त्याने कोणाला इजा केली तर जामीन मी. आत्याने ऐकून घेतले आणि, या मुचलक्यावर माझा पहिला अंगठा घे, एवढेच म्हणाली.

दोघांचा वाद मिटला असे मी म्हणणार नाही. ज्यांचे जगणेच भिन्न रीतीने झाले त्यांचा तो मिटावा तरी कसा? माझा स्वतःचा कौल मात्र द्यायचा झाला, तर शिकण्याच्या प्रश्नात तो आत्याच्या बाजूने आहे. अवधूताच्या चोवीस गुरूंनी त्याला जगाकडे निर्मोही दृष्टीने पाहायला शिकवले, ही गोष्ट थोर आहे. पण आपण सारे घर करून राहणारे, दुसऱ्यांच्या वाट्याचे पाणी, भाकर आणि औषध ज्यांच्या हाती असते असे लोक. आपल्याला, न मागणाऱ्याचा हक्क ओळखण्याचे शिक्षण कुठल्या शाळेत मिळत नाही. ते दारातल्या मुक्या जिवाकडून मिळत असेल, तर त्याला गुरू म्हणण्यात कमीपणा कसला? परंतु ज्याला नानाकाकांचा मुचलका मान्य नाही, त्याला हे शिक्षण घेण्याचा अधिकार नाही, असेही मला तितक्याच आग्रहाने वाटते. कुत्र्याच्या इमानाचे कौतुक करून त्याला वर्षभर लसीवाचून मोकाट ठेवणारा मनुष्य काही शिकला नाही. आणि आमच्या तालुक्यात असे कौतुक करणारे पुष्कळ आहेत.

म्हणून वाचकांना, विशेषतः जाफराबाद, भोकरदन आणि देऊळगाव राजाच्या अंगाच्या खेड्यांतील वाचकांना, माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या दारी कुत्रे असेल, तर या आठवड्यात त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, रेबीजची लस द्या आणि दाखला जपून ठेवा. एखाद्या भागातील सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की तेथील रोगाची साखळी तुटते, तेव्हा शेजाऱ्यालाही बरोबर घ्या. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. ग्रामपंचायतीला, नगरपंचायतीला तसा लेखी अर्ज द्या, कारण कुत्री तो देणार नाहीत. आणि कोणालाही कुत्रे चावले, ओरखडले किंवा उघड्या जखमेला त्याची लाळ लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, तिखट, चुना किंवा हळद लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून सांगितलेल्या सर्व तारखांना सुया पुऱ्या करा. ही लस तेथे मोफत मिळते.